फायरिंग

आप्पांची बुलेट गल्लीत शिरली की आमच्या भिंतीतल्या कपाटाची एक सैल काच आधी बोलायची. मग आवाज यायचा. डग, डग, डग. प्रत्येक ठोका सुटा, मोजून घ्यावा असा. १९८४ सालची गाडी, ओतीव लोखंडाचं इंजिन, उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक, टाकीवर सोनेरी रेघा. आप्पा मिरज जंक्शनला रेल्वेत होते. रात्रपाळी असली की घरी यायला दोन-अडीच वाजायचे, आणि त्या रात्री काच बोलायची नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दवाखाना आहे. त्याच्या भिंतीपाशी आप्पा इंजिन बंद करायचे आणि तिथून घरापर्यंत ती दीडशे किलोंहून जड गाडी हातांनी ढकलत आणायचे. पावसातही. मी त्यांना कधी कारण विचारलं नाही. सगळेच जण असं करतात, अशी माझी समजूत होती.

त्या गाडीला २००८ साली मी फटाक्याचा सायलेन्सर बसवला.

आप्पांचे गुडघे किक मारू देईनात तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. मी नुकता कुपवाडच्या एमआयडीसीत लागलो होतो. रविवारी आम्ही सात-आठ जण पन्हाळ्याला जायचो. बुलेटवाल्यांच्या बोलण्यात तेव्हा एकच शब्द असायचा, फायरिंग. ‘याची फायरिंग ऐक’, ‘फायरिंग घुमली पाहिजे’. माझ्या गाडीची फायरिंग त्यांच्यात ऐकूच यायची नाही. मूळचा लांब सायलेन्सर तिला गुपचूप चालवायचा. कोल्हापूरच्या एका दुकानात भिंतभर पुंगळ्या टांगल्या होत्या. शॉर्ट बॉटल, मेगाफोन, गोल्डस्टार, शार्क, पंजाबी, इंदोरी. मी आखूड पंजाबी निवडला. दुकानातल्या पोराने तो बसवायच्या आधी पक्कड घालून आतली जाळी ओढून काढली, कागदात गुंडाळली आणि ‘ही घरी ठेवा, पोलिसांनी धरलं तर लावायला’ म्हणून माझ्या खिशात घातली. पहिली किक मारली तेव्हा समोरच्या दुकानातली माणसं वळून बघायला लागली. तो आनंद खरा होता. छातीच्या फासळ्यांत जाणवणारा आवाज आपल्या मनगटाच्या पिळण्याने लहानमोठा होतो, ही गोष्ट बाविसाव्या वर्षी फार मोठी वाटते.

हा आवाज येतो कुठून, हे मला कळायला नंतर बरीच वर्षं लागली.

इंजिनात स्फोट होतो तो आपण ऐकत नसतो. तो लोखंडात कोंडलेला असतो. आपण ऐकतो ते त्यानंतरचं. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडतो आणि आतला तापलेला, दाबलेला वायू एकदम बाहेर सुटतो, तो धक्का. बुलेट चार स्ट्रोकची, एका सिलिंडरची. इंजिनातलं जड चाक दोनदा फिरेल तेव्हा एक ठोका. जागेवर उभी असताना इंजिन मिनिटाला आठशेच्या आसपास फिरत असेल, तर ठोके पडतात चारशे, म्हणजे सेकंदाला साडेसहाच्या वर. एवढ्या सावकाश पडणाऱ्या ठोक्यांना माणसाचा कान सूर म्हणून ऐकतच नाही, ताल म्हणून ऐकतो. सेकंदाला वीस कंपनांच्या खाली सूर नसतो. गाडी हळूहळू उचलत न्या. चोवीसशे फेऱ्यांना ठोके होतात सेकंदाला वीस. तिथे कुठेतरी एक जागा येते जिथे सुटे ठोके एकमेकांत मिसळतात आणि खर्जातला एक स्वर सुरू होतो. लयीचा स्वर होण्याची ती जागा. बुलेटवर प्रेम करणारी माणसं खरं तर त्याच जागेच्या अलीकडे-पलीकडे रेंगाळत असतात. आप्पांना ही आकडेमोड ठाऊक नव्हती, पण गाडी कुठल्या गिअरमध्ये किती वेगाने ‘बोलते’ हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि ते तिला तिथेच ठेवायचे.

मिरजेत वाढलेल्या माणसाला स्वराचं काही सांगायला नको. शिकलगारांनी हत्यारांना धार लावायचं सोडून तंतुवाद्यं घडवायला घेतली त्याला आता दीडशेहून जास्त वर्षं झाली. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथेच राहिले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या आठवणीत अजून गाणं होतं. इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शाळेतून येताना मी सतारमेकर गल्लीत एका कारागीर चाचांच्या दुकानाच्या पायरीवर बसायचो. ते तानपुऱ्याची जवारी काढत असत. तारेखालची घोडी कानशीने कणभर घासायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कणभर घासायची. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवायचा आणि तो केसभर पुढे-मागे करायचा. एका जागी तो आला की एरवी नुसती टणटणणारी तार भरून वाजायला लागे. आवाज वाढलेला नसायचा. त्याच्यात आत कितीतरी स्वर ऐकू यायला लागायचे.

मूळचा सायलेन्सर कापून उघडलेला मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला ते दुकान आठवलं. बाहेरून दिसते ती नळी असते, पण आत खोल्या असतात. वायू पहिल्या खोलीत येतो, पसरतो, भोकं पाडलेल्या नळीतून दुसऱ्या खोलीत जातो, तिथून उलटा फिरून तिसऱ्यात. आवाजाची लाट भिंतीवर आपटून परत येते आणि मागून येणाऱ्या लाटेला भिडते. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात बसला की दोन्ही विरतात. खोली किती लांब, भोक केवढं, यावर कुठला स्वर विरणार आणि कुठला सुटणार हे ठरतं. तानपुऱ्याचा भोपळा ज्या नियमाने आवाज भरतो, त्याच नियमाने सायलेन्सरची पोकळी आवाज खाते. दुसरी एक जात असते, तिच्यात भोकाभोकांच्या सरळ नळीभोवती काचेची लोकर गच्च भरलेली असते, ती चरचरीत वरचे आवाज शोषून घेते. चांगल्या सायलेन्सरमध्ये दोन्ही कामं मापाने केलेली असतात. मी लावलेल्या पुंगळीत यातलं एकही नव्हतं. जाळी काढल्यावर ती फक्त एक पाइप होती.

फरक पहिल्यांदा कळला तो चढावर. वाघबीळच्या पुढे पन्हाळ्याचा रस्ता चढायला लागतो. आप्पांच्या मागे बसून मी तिथून कितीदा गेलो होतो. गाडी तिसऱ्यात रमतगमत चढायची. आता तिसऱ्यात ती गुदमरायला लागली. थ्रॉटल दिलं की आवाज डोंगरभर व्हायचा, पण गाडी पुढे सरकायची नाही. दुसरा टाकावा लागायचा. उतरताना थ्रॉटल सोडलं की मागून फाट फाट असे बार उडायचे. पोरांना ते आवडायचं. महिन्याभरात बेंड पाइप, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारी वाकडी नळी, निळा पडला.

मिस्त्रींनी प्लग काढून दाखवला. पांढराफटक. ‘भुकेला चाललाय बघ,’ म्हणाले. ‘तू बाहेरची वाट मोकळी केलीस. आतला हिशेब तोच राहिला.’ पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारं कार्बोरेटरचं जेट मूळच्या सायलेन्सरला धरून बसवलेलं असतं. वाट मोकळी झाली की हवा जास्त ओढली जाते, पेट्रोल त्या मानाने कमी पडतं, इंजिन तापतं. आणि ते बार म्हणजे न जळता बाहेर पडलेलं पेट्रोल, पुंगळीत गरम हवेला भेटून तिथेच पेटायचं. मी म्हटलं, मग जेट मोठं टाका. त्यांनी टाकलं. तापणं कमी झालं, पण चढाची ताकद काही पूर्ण परत आली नाही.

याचं कारण मिस्त्रींच्याही आवाक्याबाहेर होतं. आम्हां सगळ्यांची एकच समजूत होती. धूर बाहेर पडायला अडथळा म्हणजे सायलेन्सर. अडथळा काढला की इंजिन मोकळा श्वास घेणार. ही समजूत अर्धी खरी आहे, आणि म्हणूनच ती इतकी टिकते. फार वरच्या फेऱ्यांना, शर्यतीच्या गाडीला, जिथे सेकंदाला ढीगभर वायू बाहेर फेकायचा असतो, तिथे मोकळी वाट कामाला येते. पण वायू पाण्यासारखा सलग वाहत नाही, तो धक्क्याधक्क्याने जातो. व्हॉल्व्ह उघडला की दाबाची एक लाट पाइपमधून पुढे पळते. साध्या हवेत आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो, त्या धगधगत्या वायूत पाचशेच्या पुढे. पाइप जिथे एकदम रुंद होतो किंवा संपतो, तिथून ती लाट उलटून परत येते, पण आता ढकलणारी राहत नाही, ओढणारी होते. बरोबर वेळेवर पोचली, तर सिलिंडरमध्ये उरलेला जळका वायू ती ओढून बाहेर काढते आणि ताज्या मिश्रणाला आत यायला हात देते. चुकीच्या वेळी पोचली, तर हेच काम बिघडवते. वेळ ठरते पाइपच्या लांबीवर. बुलेटचा मूळचा पाइप आणि सायलेन्सर मिळून जी लांबी होती, ती कमी फेऱ्यांना जोर देणारी होती. चढाला, दोन माणसांना, सामानाला. अठरा अश्वशक्तीचं ते इंजिन वरच्या फेऱ्यांना पळण्यासाठी बनलेलंच नव्हतं. आखूड पुंगळीने मला जिथे कधी जायचं नव्हतं तिथे कदाचित थोडं दिलं असेल, आणि जिथे रोज जायचं होतं तिथलं काढून घेतलं.

टू-स्ट्रोकमध्ये तर ही गोष्ट जीवनमरणाची. आमच्यातल्या एकाकडे यामाहाची आरएक्स १०० होती. अठ्ठ्याण्णव सीसी, अकरा अश्वशक्ती, वजनाने किरकोळ, १९९६ मध्ये बंद झाली तरी अजून लोक तिच्यासाठी वेडे आहेत. त्याने मागचा सायलेन्सर कापून सरळ नळी लावली. आवाज असा की मधमाशांचं मोहोळ उठावं, आणि गाडी बैलगाडीसारखी. टू-स्ट्रोकला एक्झॉस्टचा व्हॉल्व्हच नसतो. ताजं पेट्रोल आत शिरताना जळका वायू जायचं भोक उघडंच असतं, आणि त्यातून ताजं मिश्रणही निसटतं. ते परत आत लोटायचं काम सायलेन्सरचा पोटाडा करतो. आधी रुंद होत जाणारा शंकू वायू ओढून घेतो, पुढचा अरुंद होणारा शंकू लाट परत फेकतो आणि निसटलेलं मिश्रण भोक बंद व्हायच्या आत सिलिंडरमध्ये ढकलतो. म्हणजे पत्र्याचं ते पोट इंजिनाचाच एक न हलणारा भाग असतो.

हे शास्त्र पूर्णत्वाला नेलं ते पूर्व जर्मनीतल्या त्शोपाउ नावाच्या गावातल्या वाल्टर काडेनने. एमझेड नावाच्या सरकारी कारखान्यात, पैशांची सदा चणचण असताना, त्याने पत्रे कापून-जोडून असे पाइप बनवले की छोटी टू-स्ट्रोक इंजिनं श्रीमंत कारखान्यांच्या गाड्यांना मागे टाकायला लागली. १९६१ च्या सप्टेंबरात स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी त्याचाच चालक एर्न्स्ट डेगनर पश्चिमेकडे पळून गेला आणि ते ज्ञान घेऊन सुझुकीला मिळाला. पुढच्याच वर्षी सुझुकीने पन्नास सीसीचं जागतिक विजेतेपद जिंकलं. ज्या पोकळ पत्र्याची मोजमापं मिळाल्यावर एक कारखाना वर्षभरात जगज्जेता होतो, त्या वस्तूला आम्ही करवत लावत होतो. हे वाचलं तेव्हा मला त्या आरएक्सची फार हळहळ वाटली. अजून वाटते.

चांगले बाजारी सायलेन्सर नसतातच असं मी म्हणत नाही. वजनाला हलके, आतून नीट मापाचे, जाळीसकट येणारे, आणि इंजिनाचं ट्यूनिंग त्यांच्याशी जुळवून घेऊन बसवले तर काही देणारेही असतात. पण ते महाग असतात, आणि रस्त्याच्या कडेच्या दुकानात टांगलेलं असतं ते शंभरात नव्याण्णव वेळा नुसतं भोकाड. प्रदूषणाच्या बीएस सहा नियमाच्या गाड्यांना, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, ते लावणं तर आणखी घातक. त्यांच्या एक्झॉस्टच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, विषारी वायूंना निवळणारा, प्लॅटिनमच्या जातीच्या धातूंचा लेप दिलेला. पोरं तो काढून भंगारात टाकतात. किंवा चालत्या गाडीत किल-स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं बटण, बंद-चालू करून फटाके उडवतात, आणि न जळलेलं पेट्रोल त्याच्यात जाऊन पेटतं, तो आतून वितळतो.

आता पोलीस शहरोशहरी पुंगळ्या उतरवून रस्त्यावर मांडतात आणि त्यांच्यावरून रोडरोलर फिरवतात. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड दहा हजारांपर्यंत गेला, तीन महिने लायसन्सही जातं. हे व्हायलाच हवं. पण पुंगळी विकणाऱ्या भिंती तशाच आहेत, आणि जोवर त्या आहेत तोवर रोलरला काम पुरेल. ‘मोठ्या आवाजाने समोरचा सावध होतो, जीव वाचतो’ असं सांगणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की पुंगळीचं तोंड कुठल्या दिशेला असतं? आवाज सगळा मागे. ज्याला वाचायचं तो पुढे, काचा लावून बसलेला.

कारखान्यातून निघणाऱ्या १७५ सीसीवरच्या मोटारसायकलला चाचणीत ८० डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबलचा हिशेब आपल्या नेहमीच्या हिशेबासारखा नसतो. दहाने वाढला तर आवाजाची ऊर्जा दहापट होते. ऐंशीचे नव्वद झाले म्हणजे ‘थोडा वाढला’ नव्हे. दवाखान्याभोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात रात्रीची मर्यादा ४० आहे. आमचं मिरज दवाखान्यांचं गाव. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय काढलं तेव्हापासून दूरदूरची माणसं इथे बरी व्हायला येतात. कर्नाटकातून येतात, कोकणातून येतात. या गावात कुठेही उभं राहा, शंभर मीटरच्या आत बहुधा कोणीतरी खाटेवर पडलेलं असतं.

२००९ च्या पावसाळ्यात आप्पा त्याच, गल्लीच्या तोंडाच्या दवाखान्यात होते. न्यूमोनिया. चौथ्या दिवशी माझी दुसरी पाळी होती. बाराच्या सुमाराला मी कुपवाडहून आलो, दवाखान्यावरून पुढे घरी गेलो, डबा ठेवला, जेवलो आणि झोपलो. सकाळी चहा घेऊन गेलो तर आप्पा उठून बसले होते. डोळे लाल.

‘रात्री कुणीतरी फटाके उडवत गेलं रे,’ ते म्हणाले. ‘शेजारचे म्हातारे जतहून आलेत, परवाच पोटाचं ऑपरेशन झालंय. एवढे दचकले की टाके धरून रडायलाच लागले. मग झोपच नाही कुणाला.’

मी त्यांना चहा ओतून दिला. त्यांना आपली गाडी ओळखू आली नव्हती. पंचवीस वर्षं त्यांनी तिला चालवली होती, स्टेशनच्या गोंगाटात दुसऱ्याने किक मारली तरी मान वर करायचे, आणि खिडकीखालून ती गेली तर त्यांना वाटलं कुणीतरी फटाके उडवत गेलं. मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही. शेजारच्या म्हाताऱ्यांकडे बघायचंही धाडस झालं नाही. त्यांचा मुलगा खाली बसून त्यांचे पाय चेपत होता.

त्या संध्याकाळी गाडी मी बंद इंजिनाने मिस्त्रींकडे ढकलत नेली. मूळचा सायलेन्सर माळ्यावर होता. मीच फेकला असता, पण आप्पांनी तो आतून-बाहेरून तेल चोळून पोत्यात बांधून ठेवला होता. गाडी आपली राहिली नाही तरी तिचे सामान टाकायचे नाही, ही त्यांची रीत. मिस्त्रींनी जेट पुन्हा जुन्या नंबरचं टाकलं, बेंड पाइपचं वायसर बदललं, नट आवळले. अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणून, इंजिनातला दाब सोडणारी कडी दाबून सोडून, मी किक मारली. डग, डग, डग. इतका हळू आवाज ऐकून मला आधी वाटलं काहीतरी चुकलंय. कान वर्षभर मोठ्या आवाजाला सरावले होते.

आप्पा घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो, तेव्हा काच बोलली. ते ओट्यावर शाल पांघरून बसले होते. मी इंजिन बंद करायला हात नेला तर त्यांनी खुणेने थांबवलं. मान जरा तिरकी करून ऐकत राहिले. मी सगळं सांगायचं ठरवून आलो होतो, पुंगळीचं, त्या रात्रीचं. मी तोंड उघडायच्या आधीच ते बोलले.

‘टॅपेट वाजतोय. एक्झॉस्टचा. कधीपासून?’

मला सांगता येईना. त्या आवाजाखाली वर्षभरात काय काय वाजत होतं, मला एकदाही ऐकू आलं नव्हतं. मी आणखी वाकून कान नेला, आणि ठोक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, शिवणयंत्रासारखी एक बारीक टिकटिक होती.

इंजिन गार होईपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसलो. तेवढ्या वेळात मी त्यांना सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पाना आण. उजव्या बाजूच्या छोट्या झाकणाचा नट मी सोडला. आत दोन पुशरॉड, टॅपेटवरचे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, शेजारी शेजारी उभे होते. त्यांनी सांगितलं तसं एकेक चिमटीत धरून बघितला. पहिला बोटांत सहज फिरला आणि वर-खाली जराही हलला नाही. दुसरा फिरलाही, आणि हललाही.